लेकीची वर्गणी

गावात मला सगळे आत्या म्हणतात. सरपंच म्हणतो, त्याची बायको म्हणते, त्यांची बोबडी कार्टीसुद्धा म्हणते. वीज कंपनीचा साहेब पहिल्यांदा आला, तोही चहा संपेपर्यंत आत्या म्हणायला लागला होता. कारण सरळ आहे. मी या गावची लेक. नवरा गेला तेव्हा पदरी मूलबाळ नव्हतं, सासरी थांबायचं ते कुणासाठी, म्हणून दादा आला आणि मला घेऊन आला. आमच्या रिहे खोऱ्यात, वाडीच्या पार वरच्या टोकाला, डोंगराच्या पायथ्याशी त्यानं मला जागा दिली आणि दोन खोल्या बांधून दिल्या. पुढे मी अंगणवाडीत लागले, तिथूनच निवृत्त झाले. दोनाच्या चार खोल्या मी माझ्या पगारातून केल्या. गोठा माझा, म्हैस माझी. पण गावात घराची खूण सांगतात ती 'दादाच्या बहिणीचं घर' अशीच. मला त्याचं कधी वाईट वाटलं नव्हतं. उलट बरंच वाटायचं.

ज्या वर्षाचं सांगतेय त्याच्या आदल्या फाल्गुनात माझा गोठा जळाला.

डोंगर पेटणं आम्हाला नवं नाही. होळीच्या आगेमागे खोऱ्यात कुठे ना कुठे वणवा असतोच. नवं गवत चांगलं फुटतं म्हणून आपणच पेटवणारे शहाणेही आहेत, आणि वणवा लागला की आधी विडी ओढणारा कोण दिसला याची चौकशी होते. पण त्या दुपारी मी अंगणात मिरच्या वाळत घालत होते आणि ती आग मी माझ्या डोळ्यांनी सुरू होताना पाहिली. दादाच्या फाटकाजवळच्या खांबावरून माझ्या घराकडे तारा येतात. उताराच्या माळावरून. तारांना इतका झोळ पडलेला की खालून जाणारी म्हैस मान वर करून बघायची. वारा सुटला, दोन तारा एकमेकींवर आपटल्या, चटकन जाळ झाला आणि ठिणग्या खाली गवतात पडल्या. मी ओरडायला तोंड उघडलं तोवर गवत पेटलं होतं.

सगळी वाडी धावली. कुणी निरगुडीच्या ओल्या फांद्या घेऊन, कुणी भिजवलेली गोणपाटं घेऊन. पेंढ्याची गंजी गेली, गोठ्याचं छप्पर गेलं. म्हशीचं दावं सुटेना, तेव्हा दादा आत घुसला आणि कोयत्यानं दावं तोडून तिला बाहेर घेऊन आला. त्याच्या उजव्या हाताची कातडी सोलून निघाली. साठी ओलांडलेला माणूस, पण त्याला कोण अडवणार. घर वाचलं. हात बरा व्हायला पावसाळा उजाडला, आणि अजूनही त्याची करंगळी नीट वळत नाही.

गावकीनं त्याच आठवड्यात ठरवलं की तारा जमिनीखाली घालायच्या. म्हणजे देवळाजवळच्या डीपीपासून रस्त्याच्या कडेनं चर खोदायचा, त्यात केबल पुरायची आणि खांब काढून टाकायचे. ठरवायला काय लागतं? वीज कंपनीचे साहेब म्हणाले, काम आम्ही करू, पण इतका पैसा आमच्याकडे नाही. मग सरपंचानं हिंजवडीच्या एका कंपनीचे उंबरे झिजवले. त्या लोकांकडे समाजकार्याचा म्हणून निधी असतो. हिंजवडीला लागून चांद्या-नांद्यात जमिनी विकून इमारती उभ्या राहिल्या, तिथल्या त्यांच्या ऑफिसात आमचा सरपंच धोतरातल्या दोन म्हाताऱ्यांना घेऊन गेला आणि थंडगार हॉलमध्ये कुडकुडत बसून आला. मग तिथली एक मुलगी गाडी घेऊन बघायला आली. चांगली होती बिचारी. माझ्या जळक्या गोठ्यापुढे उभी राहून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाली, "मोठा वाटा आम्ही देऊ, पण गावाचं कॉन्ट्रिब्युशन आधी दिसायला हवं, आणि पुढच्या मार्चअखेर काम संपायला हवं. नाहीतर फंड परत जातो."

तर गावाची वर्गणी. आमच्याकडे वर्गणी उंबऱ्यामागे असते. उंबरा म्हणजे नुसतं घर नाही, वेगळी चूल. दोन भाऊ वेगळे झाले की दोन उंबरे. द्यायची वेळ आली की भाऊ एकत्र होतात आणि जत्रेच्या मटणाचे वाटे घालायची वेळ आली की वेगळे होतात, हे आलंच. पण या वेळी कुणी कां-कूं केलं नाही. आग सगळ्यांनी पाहिली होती. जत्रेचा ऑर्केस्ट्रासुद्धा रद्द झाला, आणि आमच्या गावात ऑर्केस्ट्रा रद्द होतो म्हणजे काय, ते बाहेरच्याला कळायचं नाही.

वर्गणी गोळा करणारे तिघे माझ्याकडे आले तेव्हा मी पैसे काढून ठेवलेच होते. तिघेही माझ्या अंगणवाडीतले. तिघांची नाकं मी पुसलेली. चहा प्याले, चिवडा खाल्ला, म्हशीला किती दूध आहे ते विचारलं आणि उठले.

"आरं, पैसं?" मी म्हटलं.

"आत्या, तुझ्याकडनं कुटं घ्यायचं? तू लेक हाय गावाची. लेकीला द्यायचं असतं, तिच्याकडनं घ्यायचं नसतं."

आणि खरंच, गाव कधी माझ्याकडून घेत नव्हतं. जत्रेला गाव लेकींना खण-नारळ देतं. लांब दिलेल्या लेकी येऊन घेऊन जातात, आणि मी इथेच राहत असून मलाही दरवर्षी मिळतो. मी पैसे परत डब्यात ठेवले. त्या पोरांचं मला कौतुकच वाटलं. माया कुणाला नको असते?

पुढच्या वर्षीचा मार्च लागला तसा वीज कंपनीचा साहेब आला आणि त्याच्या माणसांनी चर जाणार तिथे जमिनीवर चुन्याची फक्की मारायला सुरुवात केली. देवळापासून पांढरी रेघ निघाली. ती प्रत्येक दाराशी एक फाटा काढत वर वर येऊ लागली. मी सकाळपासून ओट्यावर बसून बघत होते. पुण्याहून शनिवारी-रविवारी येणाऱ्या फार्महाउसवाल्याच्या फाटकाशी रेघ वळली. मग दादाच्या फाटकाशी आली आणि तिथे थांबली. माणसांनी फक्कीची घमेली गाडीत टाकली.

मी खाली गेले. म्हटलं, "साहेब, पुढची रेघ उद्या का?"

"पुढे काही नाही, आत्या. गावानं जेवढे उंबरे सांगितले तेवढेच. हा शेवटचा."

"आणि माझं घर?"

त्यानं माझ्या घराकडे पाहिलं, मग वर तारांकडे. "तुमची जुनी लाइन आहे तशीच राहील," तो म्हणाला, आणि त्याचं त्यालाच काहीतरी चुकल्यासारखं वाटलं असावं, कारण तो टोपी काढून डोकं खाजवायला लागला.

म्हणजे सगळ्या वाडीच्या तारा जमिनीखाली जाणार आणि ज्या तारेनं आग लावली तेवढी तार वर राहणार. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पुन्हा ते गवत वाळून कडकडीत झालेलं होतंच खाली. तशीच तरातरा सरपंचाकडे गेले. तो जेवत होता. मी म्हटलं, जेव, मी थांबते, आणि उभीच राहिले, त्यामुळे त्याला घास जाईना.

"आत्या, तुझं घर दादाच्या उंबऱ्यात धरलंय गं," तो म्हणाला.

"मग केबल दादाच्या फाटकाशी का थांबली?"

"उंबऱ्यामागं एकच जोड हाय. आमी उंबरे मोजून दिले. तुझी वर्गणी घेतली न्हाई, म्हणून तू मोजणीत... आत्या, कुणी मुद्दाम न्हाई केलं. देवाशपथ."

मला ठाऊक होतं, कुणी मुद्दाम केलं नव्हतं. मुद्दाम केलं असतं तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं. मायेनं वगळलेल्या माणसानं कुणाशी भांडायचं? पण राग खरा होता, आणि तो नुसता तारेचा नव्हता. आठवड्यातले दोन दिवस येऊन कुत्री फिरवणारा माणूस या गावचा उंबरा, आणि ज्या बाईनं या गावाच्या दोन पिढ्यांना बडबडगीतं शिकवली ती मोजणीत नाही. मी म्हटलं, "उद्या गावकी बोलव."

गावकी देवळात बसते. बायका सहसा बाहेर, कट्ट्यावर. मी चपला काढल्या आणि आत जाऊन खांबाला टेकून बसले. आत्याला कोण बोलणार? दादा पुढे बसला होता. त्याला सरपंचानं आधीच सगळं सांगितलेलं, म्हणून मी तोंड उघडायच्या आतच तो म्हणाला, "माझ्याकडनं दोन उंबऱ्यांचं घ्या. बायचं मी भरतो. इषय संपला."

सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. साहेबाला कळवू, फक्की मारून घेऊ, चला. लोक उठायलाही लागले. मला घरी जाता आलं असतं. तार निघाली असती, गोठा वाचला असता, भावाचं मन राहिलं असतं. आजही कधीकधी वाटतं, काय बिघडलं असतं? पण माझा स्वभाव गप्प बसायचा नाही. मी म्हटलं, "दादा भरणार न्हाई. मी भरणार."

"खुळी झालीस काय?"

"तू भरलंस तर तो उंबरा तुझा झाला. उद्या पाण्याची लाइन येईल, परवा रस्ता येईल. दर खेपेला माझं घर इसरणार आन दर खेपेला तू भरणार. आन तू नसशील तेव्हा?"

दादाचं तोंड लाल झालं. "बहिणीकडनं गावानं वर्गणी घेतली म्हटल्यावर खोऱ्यातली लोकं माझ्या तोंडावर थुंकतील. मी हाय ना जित्ता अजून?"

गावकीतले सगळ्यात म्हातारे आजोबा कोपऱ्यात बसले होते. ते फार कमी बोलतात. ते म्हणाले, "पोरी, तू म्हणतीस ते बराबर हाय. पर नीट इचार कर. उंबरा झालीस की मग लेक न्हाई राहायचीस. जत्रेचा खण मिळायचा न्हाई. मर्तिकाला, लग्नाला तुझ्या घरचं माणूस उभं राहिलं पायजे. लेकीला सगळं माफ असतंय. उंबऱ्याला काय माफ नसतंय."

हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण देवळात, सगळ्यांसमोर, ते पहिल्यांदाच कुणी उच्चारलं होतं. आयुष्यभर मी एकच गोष्ट घट्ट धरून राहिले होते, की सासर गेलं तरी माहेर आहे. ते माहेर मी माझ्या हातानं सोडत होते. आणि कशासाठी, तर तारेसाठी. तरी मी म्हटलं, "चालंल."

दादा उठला. माझ्याकडे न बघता म्हणाला, "मग दिवाळीला माझ्या दारात येशील ती कोण म्हणून येशील, ते ठरवून ठेव." आणि निघून गेला. ज्या हातानं त्यानं माझी म्हैस सोडवली होती त्याच हातानं त्यानं चपला उचलल्या, मी बघत होते. मागून हाक मारावी असं फार वाटलं. मारली नाही.

सरपंचापुढे मी पैसे धरले. तो घेईना. हात मागे घेऊन म्हाताऱ्या आजोबांकडे बघत बसला. शेवटी आजोबाच म्हणाले, "घे. आन साहेबाला सांग, एक उंबरा वाढला."

केबलचा चर आपापल्या उंबऱ्यापुढे ज्यानं त्यानं खोदायचा, असं ठरलं होतं, तेवढाच खर्च कमी. दादाच्या फाटकापासून माझ्या दारापर्यंतचा चर माझ्या वाट्याला आला. वाडीतला सगळ्यात लांब. मऊ जागी मशीन फिरलं, पण आंब्याच्या मुळांशी आणि गोठ्याजवळ कुदळीशिवाय इलाज नव्हता. मी पदर खोचून उभी राहिले. तासाभरात ढोपरं बोलायला लागली. तेवढ्यात वर्गणीवाले तिघे आले, खांद्यावर कुदळी.

"माझा चर मीच खोदणार," मी म्हटलं.

"आमी कुटं खोदायला आलोय? आमी चहाला आलोय. तुझा चहा होईस्तवर बसून काय करायचं?"

मी चार वेळा चहा केला. त्यांनी खोदलं. वहिनी कुंपणावरून भाकरीचं फडकं देऊन गेली. दादा पलीकडे त्याच्या ओसरीवर होता, आमच्याकडे पाठ करून. चर त्याच्या फाटकापासून सुरू होत होता. मुरमाचे खडे त्याच्या अंगणात उडत होते. तो उठला नाही, आत गेला नाही, आणि वळूनही बसला नाही.

चरात वाळू पसरली, काळी केबल निजवली, वर विटा लावल्या, माती ओढली. मार्चचे शेवटचे दिवस होते. वायरमन शेवटच्या खांबावर चढला आणि जुन्या तारा सोडून त्यानं खाली टाकल्या. त्या गवतात पडल्या तेव्हा सवयीनं मी पाण्याची बादली उचलली. वायरमन वरून हसला. "मेलेल्या तारा हायेत, आत्या." दुसऱ्या दिवशी खांबही निघाला. मी ओट्यावर बसले. वारा सुटला होता, गवत सळसळत होतं, आणि मला भीती वाटत नव्हती. वर्षभरानंतर पहिल्यांदाच मी दुपारची आडवी झाले आणि मला झोप लागली.

पण दादा येत नव्हता. असं कधी झालं नव्हतं. तो यायचा तो मागच्या दारानं यायचा, सरळ चुलीपाशी, झाकणं उघडून बघायचा काय शिजलंय. माझ्या घरात येताना त्यानं कधी आवाज दिला नव्हता. त्याला काय आवाज द्यायचा, त्याचंच घर. आता मागचं दार दिवसभर उघडं असायचं आणि कुत्र्याशिवाय कुणी यायचं नाही. वहिनी यायची, पण चोरट्यासारखी, आणि त्याचा विषय निघाला की "त्यांचं काय घेऊन बसलीयस" म्हणायची. मला राग यायचा, मग रडू यायचं, मग पुन्हा राग. मी स्वतःशी म्हणायचे, घे, हवा होता ना उंबरा, बस आता उंबऱ्यावर.

चैत्रातली जत्रा जवळ आली. जत्रेची वर्गणी दरवर्षी दादा गोळा करतो, दोन माणसं बरोबर घेऊन. दरवर्षी तो वरच्या टोकाला येतो तेव्हा वर्गणीचं काम त्याच्या फाटकाशी संपलेलं असतं. माझ्याकडे तो पाय मोकळे करायला यायचा.

त्या दिवशी मी तांदूळ निवडत होते. पुढच्या दाराशी चपला वाजल्या आणि थांबल्या.

"घरात कोण हाय का? गावाची वर्गणी."

आवाज दादाचा होता. मी उठून दाराशी गेले. तो उंबऱ्याबाहेर उभा होता, पायात चपला, डोक्यावर टोपी, मागे दोघेजण. कुठल्याही घरापुढे उभा राहतो तसाच. त्याला माझ्या दारात असा परक्यासारखा उभा बघून मला वाटलं, पैसे फेकावेत आणि सांगावं, नको मला काही, तू आत ये. पण मी आत गेले, पैसे घेऊन आले आणि त्याच्या हातावर ठेवले. घेताना त्याची ती करंगळी वळली नाही, बाजूलाच राहिली. त्यानं पैसे कपाळाला लावले, मागच्या माणसाकडे दिले. "जत्रंला यावं," म्हणाला. हे तो सगळ्यांना म्हणतो.

"व्हय," मी म्हटलं.

ते दोघे खाली निघाले. दादा निघाला नाही. तो तिथेच उभा राहिला, टोपी काढली, घाम पुसला, पुन्हा घातली. मग चपला काढल्या, उंबरा ओलांडून आत आला आणि भिंतीला टेकून खाली बसला.

"ज्येवायला वाढ," तो म्हणाला. "सकाळपास्नं कुणाच्यात काय खाल्लं न्हाई."

माझा बांध फुटला. "इतकं दिवस तोंड दाखवलं न्हाईस. मी मेले का जगले बघाया आला न्हाईस. आन आता ज्येवायला वाढ?"

तो खाली बघत म्हणाला, "आधी बहिणीकडं यायचो. त्याला काय कारण लागत न्हाई. उंबऱ्यानं उंबऱ्याकडं यायचं म्हंजी कायतरी निमित्त लागतंय. मला निमित्तच घावत न्हवतं."

मी चूल पेटवली. तोंडानं त्याला शिव्या घालत होते आणि हातानं भाकरी थापत होते. डोळ्यांतून पाणी गळत होतं, ते त्यानं बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं. ताट पुढे ठेवलं. त्यानं पहिला घास खाल्ला.

"कोरड्यासात मीठ कमी हाय," म्हणाला.

कमी नव्हतं. मी मिठाची बरणी त्याच्यापुढे ठेवली आणि शेजारी बसले.